पातेलं गेलं, स्पेसबार वाकला, पण कीबोर्ड डाळिंबी झाला

आधी पातेल्याचं सांगून टाकते, कारण घरात अजून तोच विषय चालू आहे. कीबोर्डची बटणं रंगवायला ज्या भांड्यात डिस्पर्स रंग (पॉलिस्टरचा रंग) उकळला त्यात परत कधी स्वयंपाक करायचा नाही, हे मला माहिती होतं, मी आईला आधी सांगितलंही होतं, पण आईला वाटलं की घासलं की निघेल. नाही निघत. त्यामुळे करायचं असेल तर जुन्या बाजारातून एखादं पोचे आलेलं स्टीलचं भांडं आणा आणि घरात शांतता ठेवा.

तर झालं असं की माझ्याकडे एक सेकंडहँड मेकॅनिकल कीबोर्ड आहे, ८७ कीजचा, पांढऱ्या कॅप्स (बटणांवरची प्लास्टिकची टोपणं) आणि वर काळी अक्षरं. टायपिंगला एकदम मस्त पण दिसायला दवाखान्यातल्या भिंतीसारखा. नवीन रंगीत कीकॅप्सचा सेट बघितला तर त्या किमतीत मी हा अख्खा कीबोर्ड घेतला होता, म्हटलं घरीच रंगवू, कपडे रंगवतातच की लोक.

इथेच पहिली चूक. कोपऱ्यावरच्या जनरल स्टोअरमधून कपड्याच्या रंगाची पुडी आणली, मीठ घालून अर्धा तास उकळलं, पाणी लालभडक झालं, मी खूश. नळाखाली धरल्या आणि सगळा रंग माझ्या डोळ्यांदेखत मोरीत गेला, कॅप्स आधीपेक्षा स्वच्छ दिसायला लागल्या. हात मात्र चार दिवस गुलाबी.

मग मामाला फोन केला. मामा इचलकरंजीला एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, डाइंगला आहे, त्याची अख्खी नोकरी रंगात गेलीय. त्याला आधी वाटलं मी साडी रंगवतेय. म्हटलं नाही मामा, कीबोर्डची बटणं आहेत. तर म्हणाला, "अगं पन कशाची हायत ती? माल कंचा हाय ते कळल्याशिवाय रंग कसा सांगू? पुडीतला रंग सुताचा, त्यो प्लास्टिकवर कशाला बसंल?"

मला फक्त एवढंच माहिती होतं की विकणाऱ्याने पीबीटी म्हणून सांगितलं होतं. शोधून बघितलं तर पीबीटी म्हणजे पॉलिब्युटिलीन टेरेफ्थॅलेट, आणि आपल्या कपड्यातलं पॉलिस्टर म्हणजे पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट. हे मामाला वाचून दाखवलं तर तो हसायलाच लागला, "मंग हे पॉलिस्टरचं चुलतभाऊच की गं! डिस्पर्स लाव." म्हणजे इतके दिवस मी ज्याला कॉम्प्युटरची भानगड समजत होते ती निघाली इचलकरंजीची भानगड.

डिस्पर्स रंगाची गंमत अशी की तो पाण्यात नीट विरघळतच नाही, बारीक कण पाण्यात पसरून राहतात. पॉलिस्टर गरम झालं की त्याच्या आतली वीण थोडी सैल होते आणि त्या कणांमधून सुटलेला रंग आत शिरतो, थंड झालं की आतच अडकतो. त्यामुळे हा रंग वरून दिलेल्या पेंटसारखा नखाने खरवडला तर निघत नाही. मिलमध्ये हे काम बंद मशीनमध्ये प्रेशरखाली १३० डिग्रीला करतात, घरी आपण उघड्या पातेल्यात शंभरच्या पुढे जाऊच शकत नाही, पण कॅप्सना गडद करायला तेवढं पुरतं.

आता पीबीटी आहे का एबीएस (कीकॅप्सचं दुसरं नेहमीचं प्लास्टिक) हे कसं ओळखायचं, कारण विकणाऱ्याच्या शब्दावर माझा विश्वास नव्हता. एबीएसला एवढी उष्णता झेपत नाही, गरम पाण्यात ते वाकतं. ॲसिटोनने पण कळतं म्हणे, एबीएस चिकट होतं, पण मला कॅप खराब करायची नव्हती म्हणून मिठाच्या पाण्याची टेस्ट केली. ग्लासभर कोमट पाण्यात विरघळायचं थांबेपर्यंत मीठ घालायचं. असं पाणी साध्या पाण्याच्या साधारण १.२ पट जड होतं. एबीएस साधारण १.०५, म्हणून तरंगतं. पीबीटी १.३ च्या आसपास, म्हणून बुडतं. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात, त्यामुळे मिठात कंजुषी करायची नाही. माझ्या पहिल्यांदा सगळ्याच कॅप्स तरंगल्या आणि मी विकणाऱ्याला मनातल्या मनात पन्नास शिव्या घातल्या, मग लक्षात आलं की कॅपच्या पोटात हवा अडकलीय. पाण्याखाली उलटी करून टिचकी मारली की बुडबुडा निघतो आणि मग कॅप सरळ तळाला जाते. सगळ्या गेल्या. स्पेसबार तेवढा ग्लासात मावेना म्हणून मी म्हटलं बाकी सगळे पीबीटी आहेत तर हा पण असणारच.

हे वाक्य लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट, रंग फक्त गडद करता येतो, फिका नाही, त्यामुळे काळ्या कॅप्स असतील तर विषय संपला. आणि अक्षरं काळी असतील तर गडद रंगावर ती दिसेनाशी होणार. म्हणून मी अक्षरांच्या आणि आकड्यांच्या कीज पांढऱ्याच ठेवायच्या ठरवल्या आणि शिफ्ट, कंट्रोल, एंटर, टॅब, बाण, वरची एफ वाली ओळ असं सगळं डाळिंबी करायचं, कारण शिफ्टवर शिफ्ट लिहिलेलं कोण वाचतंय.

मामाने एसटीने येणाऱ्या माणसाबरोबर डिस्पर्स लालची आणि थोडी निळ्याची पावडर पाठवली, दोन प्लास्टिकच्या पिशव्या एकात एक घालून, आणि वर फोन करून बजावलं की तोंडाला फडकं बांध, पंखा बंद कर, पावडर उडली तर घरभर होईल. खरंच सांगते, ही पावडर कल्पनेपेक्षा भयंकर असते. चिमूटभर ओट्यावर सांडली, कोरडी होती तोवर दिसलीच नाही, ओलं फडकं फिरवल्यावर अख्खा ओटा रंगपंचमी.

कृती साधीच आहे. दोन लिटर पाणी, चहाचा एक सपाट चमचा लाल, त्यात निळ्याची अगदी चिमूट, रंग आधी वाटीत कोमट पाण्यात कालवून मग कापडातून गाळून घालायचा नाहीतर गुठळ्यांचे ठिपके कॅपवर उठतात. एक मोठा चमचा व्हिनेगर, कारण डिस्पर्सला पाणी किंचित आंबट लागतं, मिलमध्ये ॲसेटिक ॲसिड घालतात तेच हे. भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब म्हणजे कण नीट पसरतात. खिडकी उघडी. पाणी खळखळा उकळू द्यायचं नाही, ८५ ते ९० डिग्रीवर ठेवायचं. थर्मामीटर नसेल तर तळातून बारीक बुडबुडे येत असतात तेवढ्यावर गॅस बारीक करा. कॅप्स आधी साबणाने धुवून घ्या, बोटाचं तेल राहिलं तर तिथे रंग कमी धरतो, मला एफ फाइव्हवर अंगठ्याचा ठसा मिळालाय तो आता कायमचा.

सेटबरोबर आलेल्या चार एक्स्ट्रा कॅप्स होत्या, त्या आधी टाकून बघितल्या आणि हे मी केलेलं एकमेव शहाणपणाचं काम. दोन मिनिटांनी काढलेली बाळाच्या झबल्यासारखी गुलाबी, पाच मिनिटांची गाजरहलव्याकडे झुकणारी, बारा मिनिटांची मला हवी तशी डाळिंबी. म्हणजे शेड रंगाच्या मापावर जेवढी ठरते तेवढीच घड्याळावर ठरते. ओली कॅप जास्त गडद दिसते, पुसून उजेडात बघायची, ट्यूबलाइटखाली नाही. हे पण मामाचंच.

मग खरी बॅच. कॅप्स गाळणीत घालून बुडवत होते आणि माझी गाळणी लहान, त्यामुळे तीन वेळा मिळून टाकल्या, प्रत्येकी बारा मिनिटं घड्याळ लावून, आणि बाहेर काढून रांगेत मांडल्या तर तीन वेगळे डाळिंबी! पहिल्या बॅचने पाण्यातला रंग खाल्ला, तिसरीला उरलंसुरलं. मामाला फोटो पाठवला तर त्याचा व्हॉइस मेसेज, "एका लॉटमदी घालायचं सोडून तीन लॉट कशाला केलंस? आता फिकी आदी टाक, मागनं बाकीची." तसं केलं, सगळ्यात फिक्या आधी सहा मिनिटं, मग मधल्या, मग शेवटची दोन मिनिटं सगळ्या एकदम सुट्ट्या पातेल्यात, आणि लाकडी उलथन्याने हलवत राहिले. (ते उलथनंही गेलं.) आता शेजारी शेजारी ठेवल्या तरच फरक कळतो.

या सगळ्याच्या शेवटी, अंगात आल्यासारखं मी स्पेसबार टाकला. चार मिनिटांनी बघते तर फिकट गुलाबी आणि धनुष्यासारखा वाकलेला. मग बादलीभर मिठाचं पाणी न करता लांब डब्यात टेस्ट केली, आरामात तरंगला. एबीएस. बऱ्याच सेटमध्ये स्पेसबार वेगळ्या प्लास्टिकचा असतो, कारण पीबीटी साच्यातून निघून थंड होताना जास्त आकसतं आणि लांब की सरळ ठेवणं अवघड जातं. हे मी नंतर वाचलं, अर्थातच. परत गरम पाण्यात मिनिटभर धरून मऊ केला, ओट्यावर पालथा दाबला, वर कापड आणि त्यावर वरवंटा ठेवला, रात्रभर. सकाळी बऱ्यापैकी सरळ झाला होता, पण डावीकडे दाबला की अजून कुरकुरतो.

कॅप्स साबणाच्या गरम पाण्यात तीनदा धुतल्या, एक दिवस पंख्याखाली पूर्ण वाळवल्या, दांडीच्या भोकात पाणी राहतं ते झटकून, आणि मग बसवल्या. पांढरं आणि डाळिंबी, दवाखाना गेला एकदाचा.

गेल्या रविवारी मामा आला होता. कीबोर्ड हातात घेतला, उलटासुलटा केला, मला वाटलं आता शाबासकी, तर त्याने खिशातला पांढरा रुमाल थुंकीने ओला करून एंटरवर घासला आणि माझ्यासमोर धरला. रुमाल गुलाबी.

"हायड्रो, कॉस्टिकनं धुतलं न्हाईस न्हवं? वरचा रंग तसाच हाय," म्हणाला. (वरवर चिकटलेला रंग काढायला मिलमध्ये वापरतात ती रसायनं ही.) मग आईकडे वळून, "ताई, चहा टाक की. त्या पातेल्यात नको पन."