तुर्की चहा आणि आईची पोळी

न्यू जर्सीत घराजवळच्या तुर्की सांस्कृतिक केंद्रात आज आईला घेऊन गेले होते. दारातच एका आजींनी हातावर लिंबाच्या वासाचं कोलोन्या (सुगंधी पाणी) ओतलं, मग चहा. दोन मजली किटली, वर कडक कोरा चहा, खाली उकळतं पाणी. दुधाचं नाव नाही! पेला रिकामा झाला की भरलाच. बास म्हणायचं तर चमचा पेल्यावर आडवा ठेवायचा.

खरी मजा गोझलेमेची. काठीसारख्या लाटण्यानं लाटलेली पातळ पोळी, आत पालक-चीज, उपड्या तव्यावर भाजलेली. (ही युफ्का, म्हणजे पातळ पोळी, लाटायची परंपरा २०१६ पासून युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत आहे.) आईनं लाटणं मागूनच घेतलं. भाषा शून्य, पण तासभर गप्पा! बकलावा मला फार गोड लागला. तरी डबा भरून दिलाय, कोण येतंय खायला?