धुण्याआधी वाचायची गाडी

जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल ताब्यात आली की लोक सगळ्यात आधी डिझेलचा डबा आणि ब्रश घेऊन बसतात. मला ते बघवत नाही. मॉडेल बाजारात आल्यावर सुरुवातीच्या काही महिन्यांत बनलेली गाडी असेल, तर तिची निम्मी ओळख त्या मळाखाली, गंजलेल्या स्क्रूंवर आणि झाकणांच्या आतल्या अंगाला असते. एकदा सँडब्लास्टिंग आणि बफिंग झालं की ती कायमची गेली.

माझी नोकरी टूलरूममध्ये डाय, म्हणजे धातू ओतायचे पोलादी साचे, बनवण्यात गेली, त्यामुळे नजर आपोआप ओतकामावर जाते. नवं मॉडेल काढताना ते किती खपेल हे कंपनीला माहीत नसतं. प्रेशर डाय-कास्टिंगचा, म्हणजे वितळलेला रस दाबाने भरायचा, डाय महाग, तो बनायला वेळही लागतो. म्हणून कधीकधी सुरुवातीचा माल साध्या साच्यात ओतून घेतात आणि मागणी दिसल्यावर पक्का डाय करतात. याचं गाजलेलं उदाहरण फोर-स्ट्रोकमधलं आहे, 1969 ची होंडा सीबी 750. तिच्या पहिल्या सात हजारांहून जास्त गाड्यांना सगळे ‘सँडकास्ट’ म्हणतात. खरं तर त्यांच्या क्रँककेस, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेट्या, वाळूत ओतलेल्या नव्हत्या. धातूच्याच साच्यात, पण दाब न देता, रस नुसता ओतून काढलेल्या होत्या. खरबरीत पृष्ठभाग बघून लोकांनी नाव दिलं आणि तेच टिकलं.

इंजिनाचं कव्हर हातात आलं की मी ते आधी उलटं करतो. भाग डायबाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांचे गोल ठसे, डायचे दोन अर्धे जिथे मिळतात ती पार्टिंग लाइन, रस जिथून शिरला ती गेटची जागा, सगळं तिथे दिसतं. डाय नवा असतो तेव्हा अक्षरांच्या कडा तीक्ष्ण येतात. हजारो शॉट, म्हणजे ओतण्याच्या खेपा, झाले की तापण्या-थंडावण्याने डायच्या पोलादाला केसासारख्या भेगा पडतात, आणि त्या भेगांत शिरलेला ॲल्युमिनियम कव्हरवर बारीक, उंच रेघांच्या जाळीसारखा उमटतो. बोटाला लागतात त्या रेघा. अशी जाळी असलेलं कव्हर त्या डायच्या उतारवयातलं समजायचं.

डायमध्ये दुरुस्ती करायची तर पोलाद कोरून काढणं सोपं, भरणं त्रासाचं. डायमधून पोलाद काढलं की ओतलेल्या भागावर धातू वाढतो. म्हणून एखादा भाग तडकतोय असं कळल्यावर कारखाना बहुतेक वेळा त्यावर रिब (आधाराची उभी पट्टी) वाढवतो, बॉस (स्क्रू बसतो तो उंचवटा) जाड करतो. दोन सारख्याच दिसणाऱ्या भागांत ज्यावर रिब कमी, तो आधीचा असण्याची शक्यता जास्त. पार्ट्स बुक, म्हणजे कंपनीची सुट्या भागांची नंबरवार यादी, हाताशी नसेल तेव्हा माझी पहिली परीक्षा हीच.

सुझुकी जीटी 750 पहिल्या वर्षी पुढे ड्रम ब्रेक घेऊन आली आणि 1973 च्या मॉडेलला दोन डिस्क लागल्या, हे कुणालाही लांबून दिसतं. त्रास होतो तो एकाच वर्षाच्या आत गुपचूप झालेल्या बदलांचा. सध्या माझ्यापुढे यामाहाची 1973 ची आरडी 350 आहे. त्या काळच्या यामाहाच्या पार्ट नंबरातले पहिले तीन आकडे म्हणजे तो भाग मुळात ज्या मॉडेलसाठी बनला त्याचा कोड, आणि त्यातल्या भागाच्या क्रमांकानंतरचे दोन आकडे सुधारणेचे: 00, 01, 02 असे. आरडी 350 चा कोड 351. पण हिच्या पार्ट्स बुकात 278 ने सुरू होणारे नंबर ठिकठिकाणी भेटतात, आणि ते बघून नवखा माणूस म्हणतो की कुणीतरी दुसऱ्या गाडीचा माल घातलाय. तसं काही नाही. 278 म्हणजे आर5, आरडीच्या आधीची. तिला रीड व्हॉल्व्ह (आत आलेलं मिश्रण मागे जाऊ न देणारी पातळ पट्ट्यांची झडप) नव्हता, गिअर पाच होते, पुढे ड्रम होता. तिचे जे भाग चालण्यासारखे होते ते आरडीत तसेच आले. तीन आकडे भागाचं माहेर सांगतात, सासर नाही.

साठच्या दशकातली जपानी गाडी असेल तर स्क्रूसुद्धा बघायचे. त्या दशकाच्या उत्तरार्धात जपानी कारखाने जुन्या आट्यांवरून आयएसओ आट्यांवर आले. 5 मिलिमीटरच्या स्क्रूचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 0.9 मिलिमीटर होता तो 0.8 झाला, 4 मिलिमीटरचा 0.75 वरून 0.7. नव्या आट्याच्या स्क्रूच्या डोक्यावर छोटा खोलगट ठिपका असतो. जुन्या आट्याच्या भोकात हा ठिपकेवाला नवा स्क्रू दोन-तीन फेरे छान बसतो आणि मग जड जातो. तिथे जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे गेलेच. अशा ठिकाणी स्क्रू हाताने फिरत नसेल तर पिच गेज काढा, मोठा स्क्रूड्रायव्हर नको.

एवढं करूनही गाडी सरळ उत्तर देत नाही. कारखाना जुना साठा संपेपर्यंत वापरतो, त्यामुळे बदल एका ठरावीक नंबरावर कात्रीने कापल्यासारखा होत नाही. वरून त्या काळात गाडी दुरुस्तीला गेली असेल तर जुन्या भागाऐवजी सुधारित भागच मिळाला असणार. असा भाग चूक म्हणून काढून फेकायला माझं मन धजत नाही. तोही त्या गाडीच्या आयुष्यातलाच आहे. त्या काळच्या यामाहाचा चासी नंबर आणि इंजिन नंबर एकच असतो, तो जुळतोय का एवढं मात्र आधी बघावं. नाही जुळला तर इंजिनावरचे सगळे निष्कर्ष वेगळ्या वहीत.

इंजिनाच्या आत मी अस्सलपणाचा हट्ट धरत नाही. क्रँकची सीलं नवीच घालतो. जुन्या सीलमधून हवा खेचली गेली की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापतो आणि सिलिंडरमध्ये जाम होतो. काढलेली सीलंसुद्धा चिठ्ठी लावून डब्यात ठेवतो, कोणत्या बाजूची आणि वर काय छापलंय ते लिहून.

या आरडीच्या डाव्या कव्हरच्या आत रेघांची जाळी आहे आणि उजवं अगदी स्वच्छ. डावं नंतर बदललं असेल असं लगेच वाटतं. पण दोन्हींचे डाय वेगळे, त्यांची झीजही वेगळी, त्यामुळे एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. जवळच्या नंबरची, न उघडलेली गाडी बघायला मिळेपर्यंत यातलं एकही कव्हर बफिंगला जाणार नाही.