रांजण नसलेलं घर

अकरावी-बारावीच्या पोरींना जग बुडण्याच्या गोष्टी का आवडतात, ते लातुरात राहिलं की कळतं. दिवसभर नीटचे प्रश्न सोडवायचे, रविवारी टेस्ट द्यायची आणि मग लागलेल्या यादीत आपलं नाव वरून शोधावं की खालून, याचा विचार करायचा. अशा पोरीच्या हाती कॉलेज, क्लास, परीक्षा सगळं एका फटक्यात बंद पडल्याचं पुस्तक आलं, तर ती ते खाली कशाला ठेवेल? माझी पुतणी शिकायला आमच्याकडं राहते. तिच्या टेबलावर वर फिजिक्स असतं आणि त्याच्या पोटात एखादी जगबुडीची कादंबरी.

त्यातली एक मी उचलली. नाव ‘ड्राय’. नील शुस्टरमन आणि त्यांचा मुलगा जॅरॉड या दोघांनी मिळून लिहिलेली, 2018 सालची. दक्षिण कॅलिफोर्नियात एके दिवशी नळ बंद होतात. शेजारची राज्यं पाणी द्यायचं नाकारतात आणि आपल्या धरणांचे दरवाजे लावून घेतात. तिकडच्या वाचकाला हे समजावून सांगावं लागत असेल. नाशिक-नगरची धरणं भरलेली आणि जायकवाडी रिकामं, मग वरून पाणी सोडायचं की नाही यावर मोर्चे आणि कोर्टकचेऱ्या, हे बघितलेल्या माणसाला ते पान पटकन उलटता येतं.

कथा सांगणारी मुख्य पोरगी ॲलिसा. नळातून पाणी येईना म्हटल्यावर घरातली माणसं मोठ्या दुकानात धावतात, तर बाटल्यांचे कप्पे आधीच रिकामे. तेव्हा तिला बर्फ सुचतो. पाणी संपलं असलं तरी बर्फाकडं कुणाचं लक्ष गेलेलं नाही. प्रसंग झकास जमलाय. मी तो सासूबाईंना मराठीत सांगितला. त्या शेंगा फोडत होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बर्फाचं राहू दे. एवढ्या मोठ्या घरात एक रांजण भरलेला नव्हता का गं?”

त्यानंतर मला ते पुस्तक सरळ वाचताच येईना. दर पानाला रांजण आडवा यायला लागला. कादंबरीतली सगळी भीती एका गोष्टीवर उभी आहे. नळ फिरवला की पाणी येतं, हे तिथल्या माणसांनी सूर्य उगवण्याइतकं गृहीत धरलंय. आमच्याकडं नळाला पाणी येणं ही बातमी असते. “आलंय का?” एवढंच विचारलं तरी काय आलंय ते गल्लीत सगळ्यांना कळतं.

ॲलिसाच्या शेजारी केल्टन नावाचा पोरगा राहतो. त्याच्या बापानं संकट येणार म्हणून वर्षानुवर्षं तयारी केलेली. अन्न, पाणी, हत्यारं, घराला किल्ल्यासारखा बंदोबस्त. शेजारी त्याला चक्रम समजतात. हत्यारं सोडली तर आमच्या गल्लीत असे चक्रम घरोघरी आहेत. पोर्चखाली हौद, गच्चीवर दोन टाक्या, मागं बोअर, न्हाणीत निळे ड्रम. आणि सोयरीक जुळवताना मुलाच्या पगारानंतरचा प्रश्न बोअरला पाणी किती लागलं, हाच असतो.

सासूबाईंनी बहात्तरचा दुष्काळ बघितलाय. दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलो नावाच्या परदेशी ज्वारीच्या लाल भाकरी घशाखाली उतरवल्या. त्या म्हणतात, तेव्हा दाणा नव्हता, पण विहिरीत खाली का होईना पाणी होतं. 2016ला उलटं झालं. दुकानं धान्यानं भरलेली आणि लातूरला पाणी देणाऱ्या मांजरा धरणाचा तळ उघडा. मधल्या वर्षांत बोअर किती खोल गेले आणि ऊस किती वाढला, त्याचा हिशोब कुणी मांडला तर ती कादंबरी शुस्टरमन बापलेकांपेक्षा भयंकर होईल. पण तिच्यात खलनायक शोधायला फार लांब जावं लागणार नाही, म्हणून कुणी लिहीत नसावं.

माणसं तीन दिवसांत जनावरं होतात, असा या कादंबरीचा सूर आहे. तो खोटा म्हणायची आमची छाती नाही. 2016च्या मार्चमध्ये लातुरात पाणी भरायच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावली होती. कलम 144, आणि कशासाठी, तर घागरींसाठी. लोक ड्रमच्या झाकणांना साखळी-कुलूप लावत होते. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. कोट्याच्या कारखान्यात वाफेनं धुतलेल्या दहा वॅगन, एकेकीत पन्नास हजार लिटर. स्टेशनवर ही गर्दी. पाच लाख लिटर पाणी आणि शहराची वस्ती चार लाखांच्या आसपास. माणशी सव्वा लिटर झालं. पुढं पन्नास वॅगनची गाडी यायला लागली. कृष्णेचं पाणी रुळावरून लातूरला येतं, हे कादंबरीत कुणी लिहिलं असतं तर संपादकानं ‘जरा अति होतंय’ म्हणून काट मारली असती.

माझं भांडण वेगळ्याच गोष्टीशी आहे. पुस्तकात सगळं फार भराभर होतं. आठवडाभरात माणसं पळतात, लढतात, काही मरतात आणि गोष्ट आटपते. आमच्याकडची टंचाई महिनोन् महिने चालली आणि तिच्यात पळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण टँकर येईपर्यंत दार सोडता येत नव्हतं. तांदूळ धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं संडासला. परातीत बसून अंघोळ करायची आणि तेच पाणी पुन्हा बादलीत. पाहुणे येणार म्हटलं की पोटात गोळा. हे सगळं बायकांच्या वेळेतून वसूल व्हायचं आणि त्या वेळेचा हिशोब कुठल्या अहवालात दिसत नाही. धाडसी पोरापोरींच्या कादंबरीत वाट बघण्याला पान मिळत नाही. तिथं वाट बघणारी माणसं बहुतेक मरतातच.

आमच्या कोपऱ्यावर तेव्हा दहावीत जाणारी एक मुलगी असायची. घागर पालथी घालून तिच्यावर बसलेली, मांडीवर बीजगणिताची वही, एका पायाचा अंगठा ड्रमच्या कडेला टेकवलेला, कुणी ड्रम सरकवला तर कळावं म्हणून. ड्रमवर लाल ऑइलपेंटनं आडनाव आणि नंबर. टँकरचा हॉर्न ओळखता यायचा तिला. दुसऱ्या गल्लीचा असला तर मान वर करायची नाही. आपला वाजला की पेन्सिल वेणीत खोचायची आणि उठायची.

पुतणी तेव्हा पहिली-दुसरीत होती. तिला त्या उन्हाळ्यातलं अंघोळीला सुट्टी असायची तेवढंच आठवतं. तिला मी या मुलीबद्दल सांगितलं. म्हटलं, कुणीतरी हिच्यावर लिहायला पाहिजे. तिनं विचार केल्यासारखं केलं.

“छान आहे काकू, पण ह्यात थरार कुठंय?”

आता हिला काय सांगायचं? एका दुपारी टँकर अवेळी आला. त्या मुलीची आई कामावर गेलेली, पाइप ड्रायव्हरच्या हातात, तो म्हणतोय पाच मिनिटांत निघायचंय, आणि पाळीत तिच्या मागं असलेल्या बाईनं आपला ड्रम पुढं ढकललेला. त्या बाईला तिनं जे सुनावलं ते माझ्या सासूबाई अजून शब्दन् शब्द म्हणून दाखवतात. इथं लिहिण्यासारखं नाही. चारही ड्रम भरले मात्र.