बॉझमला जाणार असाल तर आधी भरतीची वेळ बघा

बॉझम हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, चिचेस्टर शहराजवळचं खाडीकाठचं गाव. आम्ही जिथे उतरलो होतो तिथे मालकांनी सांगितलं होतं, "इचनरहून होडीनं पलीकडे जा, मग सपाट वाट आहे, पाऊण तासात बॉझम." त्यांनी भरतीचं नावही काढलं नाही. आम्हाला साडेतीन तास लागले. त्यातले दोन तास एका दगडी कुंपणाला टेकून पाणी उतरायची वाट बघण्यात गेले.

(इंग्रजीत स्पेलिंग 'बॉसहॅम' वाटेल असं आहे, पण तिथले लोक 'बॉझम' म्हणतात. तिकीट काढताना तसंच म्हणा.)

वेस्ट विटरिंग ते इचनर हा टप्पा छान आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. होडी लहान आहे आणि थंडीत रोज नसते, एवढं लक्षात ठेवा. खरी अडचण पलीकडे, शोअर रोडवर. चिचेस्टर बंदराच्या खाडीला लागून जाणारा हा डांबरी रस्ता भरतीला चक्क पाण्याखाली जातो. काठच्या घरांचे उंबरे उगीच उंच नाहीत. वर उभ्या केलेल्या गाड्या दरवर्षी बुडतात. गावात पैसे घेणारा वाहनतळ आहे, तिथेच गाडी लावा. थोडे पैसे वाचवायला शोअर रोडवर लावू नका.

आम्ही पोचलो तो पौर्णिमेचा दुसरा दिवस, दुपारचा एक. पँट दुमडून उतरलो. वीस पावलांत पाणी गुडघ्याला लागलं, तळाशी शेवाळ, रस्त्याची कड दिसेना. मागे फिरलो आणि ते बरोबरच केलं. पाणी उतरल्यावरही रस्ता इतका निसरडा होता की बायको दोनदा पडली. पक्क्या तळव्यांचे बूट हवेतच. ओहोटीला खाडीतून आडवं जायचा मोह होईल, तोही टाळा. चिखल पाय धरून ठेवतो.

कोकणातल्या माणसाला हे आधी कळायला हवं होतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ, हा आपल्या किनाऱ्यावरचा हिशोब इथेही साधारण जुळतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण बाराच्या आसपास येतं. उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे असतात, तो तास मिळवा. म्हणजे त्या दिवसांत नेमकी भटकायची वेळ पाण्यात जाते. अष्टमीच्या आसपास जा.

एवढं करून गावातल्या होली ट्रिनिटी चर्चला तासभरच मिळाला, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त हळहळ आहे. मनोरा आणि आतली घोड्याच्या नालेसारखी कमान 1066 च्या नॉर्मन स्वारीच्या आधीची, सॅक्सन काळातली आहे. त्या स्वारीची गोष्ट सांगणाऱ्या, फ्रान्समधल्या बायो गावच्या सुमारे 70 मीटर लांब भरतकामात हे चर्च आहे. त्यात इंग्लंडचा राजा होण्याआधीचा हॅरॉल्ड घोड्यावरून बॉझमला येतो, चर्चमध्ये जातो, जेवतो आणि नॉर्मंडीकडे जायला गलबतावर चढतो. त्याची माणसं कपडे वर खोचून, कुत्री काखेत धरून पाण्यातून चालताना दाखवली आहेत. ओल्या पायांनी त्या कमानीखाली उभं राहिलो तेव्हा ते चित्र डोळ्यांपुढे आलं आणि दिवसभराचा राग गेला.

अकराव्या शतकात इंग्लंडवर राज्य करणाऱ्या डॅनिश कन्यूट राजाच्या मुलीची कबर म्हणतात तीही बघा. 1865 मध्ये एका लहान मुलाची दगडी शवपेटी सापडली, त्यावरून ही समजूत पक्की झाली, पुरावा नाही. कन्यूटनं लाटांना थांबायचा हुकूम इथेच केला असंही गावात ठासून सांगतात. बाराव्या शतकातल्या ज्या बखरीत ती गोष्ट येते, तिच्यात जागेचं नाव नाही. 1954 मध्ये आणखी एक शवपेटी निघाली. ती हॅरॉल्डची का, हे तपासायला ती उघडण्याची परवानगी 2003 मध्ये मागितली होती, चर्चच्या न्यायालयानं नाकारली. मला तो निर्णय पटला.

माझं ऐकाल तर होडीचा नाद सोडा. चिचेस्टरहून रेल्वेनं फिशबोर्नच्या पुढचं बॉझम स्टेशन गाठा. तिथून चर्च जेमतेम दोन किलोमीटर, डेलिंग लेन आणि पुढे बॉझम लेननं खाली. गावात शिरल्यावर डावीकडे पाण्याकडे न वळता थेट चर्चला जा, निदान दोन तास तिथे काढा. शोअर रोड बघायचाच असेल तर नंतर, कोरड्या बाजूनं.