अकरा डबे

२०२० च्या सप्टेंबरात आमच्या खिडकीच्या कट्ट्यावर स्टीलचे अकरा डबे रांगेने उभे होते. घासून पुसून पालथे घातलेले. एकही आमचा नव्हता आणि एकही परत करता येत नव्हता.

आम्ही नागपुरात मानेवाड्याला तळमजल्यावर राहतो. घरात सहा माणसं: सासू-सासरे, आम्ही दोघं, नववीतला मुलगा आणि पाचवीतली मुलगी. यांची नोकरी बुटीबोरीच्या एका कारखान्यात. मार्चच्या शेवटी करोनामुळे सगळं बंद झालं, एप्रिल-मे अर्ध्या पगारावर काढले, जूनपासून थोडं थोडं सुरळीत झालं. ओढाताण झाली, पण कोणापुढे हात पसरावा लागला नाही आणि मला त्याचा अभिमान होता. माझ्या माहेरी तशीच शिकवण होती, कोणाचं उसनं ठेवायचं नाही. वाटीभर साखर आणली तरी संध्याकाळच्या आत परत गेली पाहिजे.

ऑगस्टात पोळ्याच्या पाडव्याला मारबतीची, म्हणजे रोगराई घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक निघाली नाही. आईंच्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं. त्या सकाळी फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि रिकाम्या रस्त्याकडे पाहत मोठ्याने म्हणाल्या, "ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" मुलंही त्यांच्यामागून ओरडली. गल्लीत आणखी दोन-तीन घरांतून तोच आवाज आला.

८ सप्टेंबरला यांना ताप भरला. दुसऱ्या दिवशी माझं अंग दुखू लागलं, तिसऱ्या दिवशी बाबांना खोकला. तेव्हा नागपुरात रोज हजाराच्या वर नवे रुग्ण निघत होते. तपासणीचे दर नुकतेच उतरले होते, लॅबमध्ये जाऊन १२०० रुपये आणि घरी येऊन स्वॅब नेला तर २०००. आम्ही घरीच बोलावलं. ११ तारखेला रिपोर्ट आला. आम्ही तिघं पॉझिटिव्ह, आई आणि मुलं निगेटिव्ह.

तेव्हाच्या नियमाप्रमाणे दहा दिवस आणि त्यातले शेवटचे तीन तापाशिवाय, मग आणखी सात दिवस घरातच. म्हणजे सतरा दिवस. दोन खोल्यांत आम्ही तिघं, आणि हॉलमध्ये आई नि मुलं. स्वयंपाकघर कोणाचं, हा पहिला प्रश्न. आईंच्या गुडघ्यांमुळे त्यांना ओट्याशी फार वेळ उभं राहवत नाही. पहिल्या दुपारी मुलाने खिचडी लावली, ती खाली लागली, आणि तो दाराबाहेर उभा राहून रडला. दार उघडून त्याला जवळ घ्यायचं नाही, हे त्या सतरा दिवसांतलं मला सगळ्यात जड गेलं.

त्याच संध्याकाळी फाटक वाजलं. समोरच्या काकू लांबूनच म्हणाल्या, "वरण-भात अन् आलूची भाजी ठेवली भिंतीवर. उद्या सकाळी काय पाहिजे ते सांगून ठेव नं." मी खिडकीतून म्हटलं, "नको काकू, आमचं होऊन राहिलं." त्या काही बोलल्या नाहीत. डबा तिथेच ठेवून गेल्या. आईंनी तो आत आणला आणि दाराआडून मला म्हणाल्या, "पोरं भुकेली आहेत. तुझा मान नंतर पाहू."

मग डबे येतच राहिले. डबा धुऊन परत द्यायला गेलं तर लोक म्हणत, राहू द्या, बरे झाल्यावर द्या. तेव्हा भांड्याला हात लावायचीही भीती होती, आणि ती खोटी नव्हती. आम्हालाच आमच्या हातचं काही कोणाकडे पाठवायचं नव्हतं. म्हणून ते कट्ट्यावर साठत गेले. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात, त्यामुळे कोणता कोणाचा हे विसरायची सोय नव्हती. पडल्या पडल्या मी ती नावं वाचत असे. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या ताईंच्या डब्यावर त्यांच्या लेकीचं नाव होतं. त्यांनी त्यात भाकरी आणि मेथी पाठवली, सांभार, म्हणजे कोथिंबीर, वरून वेगळा बांधून. लॉकडाऊनमध्ये त्यांची गाडी किती दिवस उभी होती हे मला माहीत होतं. मुलाने पैसे विचारले तर त्या रागावल्या. यांचे कंपनीतले मित्र बुटीबोरीहून गाडी मारत आले आणि मोसंबीची पिशवी नि पाटवडीचा डबा भिंतीवर ठेवून न उतरताच परत फिरले. वरच्या मजल्यावरच्या सरांनी आपलं ऑक्सिमीटर दोरीला पिशवी बांधून गॅलरीतून खाली सोडलं. बाजारात ते मिळत नव्हतं, मिळालं तर वाटेल त्या भावाला.

बाबा ७१ वर्षांचे, साखरेचा जुना आजार. आमच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं की बसून ऑक्सिजनचा आकडा पाहण्यावर जाऊ नका, सहा मिनिटं खोलीतल्या खोलीत चालवा आणि मग बोट लावा. १४ तारखेला बसून ९५ होता, चालल्यावर ९१. रात्रभर त्यांना पालथं झोपवलं. सकाळी एका खाजगी रुग्णालयाने आधी भली मोठी रक्कम भरा म्हटलं, दुसऱ्याकडे खाट नव्हती. दुपारी मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, जागा मिळाली. अॅम्ब्युलन्सच्या मागे जायला आम्हा दोघांनाही परवानगी नव्हती, आम्ही स्वतः पॉझिटिव्ह होतो. बाबा एका हातात चष्मा आणि एका हातात मोबाईलचा चार्जर घेऊन एकटेच चढले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर चढले नसते, असं नंतर म्हणाले.

सात दिवस ते ऑक्सिजनवर होते. तिथल्या एका सिस्टर रोज संध्याकाळी आपला फोन त्यांच्यासमोर धरायच्या. किटमुळे चेहरा दिसत नसे, पाठीवर स्केचपेनने नाव लिहिलेलं असे. "आजोबा, इकडे पाहा नं जी, घरचे आले," असं त्यांचं बोलणं कानावर पडलं की आईंच्या हातातली जपमाळ थांबायची. त्या सिस्टरांचा चेहरा आम्ही अजून पाहिलेला नाही. बाबांना तो आवाज गर्दीतही ओळखू येईल.

२२ तारखेला बाबा घरी आले. पुढचे सात दिवस पुन्हा खोलीत. पण घरात सहाच्या सहा माणसं होती.

दरम्यान १८ सप्टेंबरला अधिक महिना लागला होता. आईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं. "डबा कोणी रिकामा परत देत नसते. धोंड्याचा महिना आहे, अनारसे घालू." तेहेतीस अनारशांचं वाण असतं, पण इतक्या घरांना तेहेतीस-तेहेतीस कुठून जमणार? प्रत्येक डब्यात अकरा, असं ठरलं. १ ऑक्टोबरला तांदूळ भिजत घातले. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग कपड्यावर पसरून अंगचा ओलावा राहील इतपत सुकवायचे. दळून, चाळून गुळात मळायचे आणि गोळे झाकून मुरत ठेवायचे. इथे घाई केली तर अनारसा तुपात हसतो, म्हणजे विरघळून पसरतो. अंगात शक्ती नव्हती म्हणून आम्ही कामं वाटून घेतली. यांनी चाळलं, मुलाने गूळ किसला, मुलीने खसखस निवडली, बाबांनी खुर्चीत बसून घड्याळ पाहिलं. १० तारखेला मी तळायला बसले. खसखशीची बाजू वर ठेवून सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप घालत राहायचं. मला वास अजून येत नव्हता. जळतंय का, तूप तापलं का, हे मी मुलीला विचारत होते आणि ती नाक पुढे करून सांगत होती.

दुसऱ्या दिवशी रविवारी आम्ही डबे घेऊन निघालो. समोरच्या काकूंकडे पोचले आणि मला शब्दच सापडेनात. म्हटलं, "काकू, पहिल्या दिवशी मी नको म्हटलं होतं." त्या म्हणाल्या, "ऐकलं कोणी होतं?" भाजीवाल्या ताईंनी डबा तिथेच उघडला आणि एक अनारसा मोडून अर्धा मुलीच्या हातावर ठेवला.

दहा डबे पोचले. अकरावा घरी होता.

त्या डब्यावर नाव अर्धवट पुसलेलं होतं, फक्त लग्नाची तारीख वाचता येत होती, १९८१ सालची. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या काका-काकूंचा तो. १३ सप्टेंबरला त्यातून गोळाभात आला होता, वरून लसणाची फोडणी वेगळ्या वाटीत. काकांनीच आणून ठेवला होता. त्यानंतर आठवडाभरात काकांना ताप आला, आणि २७ तारखेला ते गेले. आम्ही तेव्हा घरात कोंडलेले होतो. गल्लीतलं दुसरंही कोणी त्या दारापर्यंत गेलं नाही. ज्या घरात चूल पेटत नाही तिथे शेजाऱ्यांनी पिठलं-भात न्यायचा असतो, आणि त्या दिवशी कोणी नेला नाही.

तेरावं होऊन गेलं होतं. आईंना विचारलं, यात काय घालू? त्या बराच वेळ डबा हातात धरून बसल्या. मग उठल्या, गुडघे दुखत असूनही ओट्याशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी स्वतः पिठलं घोटलं. भात मी लावला.

आम्ही दोघी गेलो. काकू दारात आल्या. आम्ही अंगणात, त्या उंबऱ्यावर, मध्ये तुळशी. आईंनी डबा पायरीवर ठेवला आणि म्हणाल्या, "उशीर झाला बाई."

काकूंनी डबा उचलला. झाकण उघडून पाहिलं. त्या तारखेवरून बोट फिरवत राहिल्या, आणि मग त्यांनी विचारलं, "भाऊजींचा ऑक्सिजन आता किती असते जी?"

"शहाण्णव," आई म्हणाल्या.

"चालल्यावर?"

"चालल्यावर पंच्याण्णव."

"बरं आहे," काकू म्हणाल्या, आणि पायरीवर बसून त्यांनी पिठल्याचा पहिला घास घेतला. त्यांचं जेवण होईपर्यंत आम्ही अंगणात उभ्या होतो.