डाव्या कुशीतला अर्चिन

नेपल्सला आल्यापासून आई प्रत्येक फोनमध्ये विचारते की, दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली तू नेमके काय पाहतेस? फोनवरचे उत्तर नेहमीच अपुरे राहते, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

मी समुद्री अर्चिनचे भ्रूण पाहते. तारामाशाच्या नात्यातला हा कंटकचर्मी प्राणी कदंबाच्या फुलासारखा गोल असून त्याच्या सर्वांगावर काटे असतात. नेपल्सच्या आखातातील खडकांवर तो राहतो आणि येथील लोक त्याच्या नारिंगी जननग्रंथी आवडीने कच्च्याच खातात. व्हिला कोमुनाले या बागेत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, आंतोन डोर्न या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८७२ साली स्थापन केलेले सागरी संशोधन केंद्र आहे; माझे टेबल तेथे आहे.

अर्चिनचा नर आणि मादी बाहेरून ओळखता येत नाहीत. तोंडाभोवतीच्या मऊ पडद्यातून पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाचे इंजेक्शन दिले की थोड्याच वेळात पाठीवरच्या छिद्रांतून बीज पाझरू लागते; ते नारिंगी असेल तर मादी, दुधासारखे पांढरे असेल तर नर. दोन्हींचा संयोग घडवला की मिनिटभरात प्रत्येक अंड्याभोवती एक पारदर्शक आवरण वर उचलले जाते. त्यानंतर अंडे दुभंगते, दोनाच्या चार आणि चाराच्या आठ पेशी होतात, आणि सुमारे दोन दिवसांत काचेसारखा आरपार दिसणारा, बाहू असलेला डिंभ, म्हणजे प्रौढ होण्यापूर्वीचे अर्चिनचे रूप, पाण्यात पोहू लागतो. हे सारे आईच्या शरीराबाहेर, आपल्या डोळ्यांसमोर घडते, आणि म्हणूनच भ्रूणविज्ञानाचे कितीतरी मूलभूत प्रश्न प्रथम या प्राण्याला विचारले गेले.

त्यांतला मला सर्वांत जवळचा वाटणारा प्रयोग जर्मन जीवशास्त्रज्ञ हान्स द्रीश यांचा. त्यापूर्वी, १८८८ साली, विल्हेल्म रू या जर्मन शास्त्रज्ञांनी बेडकाच्या दोन पेशींच्या भ्रूणातील एक पेशी तापलेल्या सुईने मारली, तेव्हा उरलेल्या पेशीपासून अर्धाच भ्रूण तयार झाला होता. १८९१ साली त्रिएस्ते येथे द्रीश यांनी अर्चिनच्या दोन पेशी हलवून एकमेकींपासून सुट्या केल्या. अर्ध्या डिंभाची अपेक्षा असताना प्रत्येक पेशीपासून आकाराने लहान, पण पूर्ण डिंभ तयार झाला. म्हणजे आपल्या वाट्याला काय यायचे हे पेशीला जन्मतःच ठरवून दिलेले नव्हते. शेजारी कोण आहे, यावरही ते ठरत होते.

माझे काम याच प्रश्नाच्या एका कोपऱ्यात आहे. डिंभाला आपल्यासारखी डावी आणि उजवी बाजू असते, तर प्रौढ अर्चिनच्या शरीराची रचना पंचकोनी असते. हा पंचकोनी प्राणी डिंभाच्या डाव्या कुशीत एका लहानशा अंकुराच्या रूपाने वाढतो. डावीकडेच का? भूमध्य समुद्रातल्या याच जातीवर फ्रान्सच्या व्हिलफ्रांश येथे झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याचे उत्तर मिळाले. नोडल नावाचा संकेत, म्हणजे पेशींनी एकमेकींना दिलेला एक रासायनिक निरोप, डिंभाच्या उजव्या बाजूला असतो आणि तो तेथे अंकुर धरू देत नाही. तो संकेत योग्य वेळी रोखला तर अंकुर दोन्ही बाजूंना धरतो. आपल्या, म्हणजे पृष्ठवंशीयांच्या, भ्रूणात हाच नोडल डाव्या बाजूला काम करतो आणि हृदयाची व पोटातील अवयवांची डावी-उजवी मांडणी घडवण्यात त्याचा हात असतो. एकच संकेत दोन कुळांत विरुद्ध बाजूंना कसा गेला असेल, हा विचार मला अजूनही स्वस्थ बसू देत नाही.

अंकुर पाहायचा तर डिंभ कित्येक आठवडे जगवावे लागतात. अठरा अंश सेल्सिअस तापमान, गाळलेले समुद्राचे पाणी, आणि खाद्य म्हणून सूक्ष्म शैवाल. पहिल्या हिवाळ्यात मी प्रेमापोटी शैवाल जास्त घातले, पाणी नासले आणि महिनाभर जपलेले सगळे डिंभ एका शनिवार-रविवारी गेले. त्यानंतर मी रोज मोजूनच खाद्य घालते आणि सुट्टीच्या दिवशीही एकदा प्रयोगशाळेत चक्कर मारते.

या मार्चमध्ये त्याचे फळ मिळाले. एका संध्याकाळी एक डिंभ काचेच्या तळाशी स्थिरावला, त्याच्या डाव्या कुशीतून इवले नळीपाय बाहेर आले आणि त्यांनी काच चाचपली. तासाभरात डिंभाचे बाहू आक्रसून गेले आणि त्याच्या जागी अर्ध्या मिलिमीटरएवढा अर्चिन काट्यांवर चालू लागला. घरी तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, तरीही मी आईला फोन केला.