कचरा वेगळा करणं मुलांना येतं, आता पुढचं काय?

इंदूरमध्ये वाढणाऱ्या मुलांना ओला-सुका कचरा वेगळा करायला शिकवावं लागत नाही, ते त्यांच्या अंगवळणीच पडलंय. २०१७ पासून आपलं शहर स्वच्छतेत देशात वर आहे, म्हणजे आत्ता जी मुलं तिसरी-चौथीत आहेत त्यांना कोपऱ्यावरची भरून वाहणारी कचराकुंडी, त्यात तोंड घालून उभी असलेली गाय हे काही माहीतच नाही. सकाळी गाडी येते, ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरातला घातक कचरा आणि ई-वेस्ट असं सगळं वेगवेगळं जातं आणि पोरांना हे पाढ्यांसारखं पाठ असतं. आमच्या राजेंद्र नगरच्या गल्लीतली एवढीशी चिमुरडी पाहुण्यांना दारात अडवून सांगते, "अंकल, ये सूखे में जाएगा." मला याचा खरंच अभिमान वाटतो.

पण गेल्या काही दिवसांपासून एक गोष्ट मनात घोळतेय ती लिहूनच टाकते. मुलांच्या डोक्यात असं बसत चाललंय की योग्य डब्यात टाकलं की झालं, आपलं काम संपलं. मग चिप्सची चार पाकिटं फोडली तरी हरकत नाही, सुक्यात टाकली ना! तर आता आपल्या मुलांना याच्या पुढची पायरी दाखवायची वेळ आलीय, की मुळात कचराच कमी कसा करायचा, पाणी कमी कसं वापरायचं. आणि हे भाषणं देऊन होत नाही. घरातलं एखादं खरंखुरं काम पूर्णपणे मुलाच्या हातात द्यायचं आणि त्या कामात मोठ्यांनाही टोकायचा हक्क त्याला द्यायचा. हे मी माझ्या लेकीच्या बाबतीत बघितलंय, हक्क मिळाला की पोरं जी कामाला लागतात ना, विचारू नका.

आता ते चिप्सचं पाकीटच घ्या. वरून प्लास्टिक, आतून ती चंदेरी चकचकीत बाजू, हे पातळ पातळ थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सुटे करणं फार अवघड, म्हणून त्याचं परत काही नवीन बनवणं कठीण जातं. दुधाची पिशवी किंवा पाण्याची बाटली निदान रिसायकल होते, हे पाकीट बहुतेक वेळा जाळण्यात नाहीतर पुरण्यातच जातं. लेकीला मी एक पाकीट कात्रीने उघडून, पसरून, आतली बाजू दाखवली आणि एवढं सांगितलं. तिनेच मग विचारलं की आपण सेव तर सुटीच आणतो ना, मग तिला पिशवी कशाला?

बरोबर आहे की! इंदूरला सेव-नमकीनची दुकानं पावलोपावली, समोर तोलून देतात. आता आमच्याकडे स्टीलचा डबा घेऊन जायचं काम तिचं. दुकानात पोचल्यावर ती टाचा उंच करून काउंटरवर डबा ठेवते आणि ठरलेलं वाक्य बोलते, "भैया, पहले खाली डब्बा तोल लो." भैया डबा तोलतात, काटा शून्यावर आणतात, मग लौंग सेव पडते आणि ती मान वाकडी करून आकडा वाचत उभी असते. पर्यावरणाचं तर आहेच, पण दुकानदाराशी बोलणं, वजन-मापं, पैसे मोजून घेणं हे सगळं त्यात आलं. दुकानदारही नाही म्हणत नाहीत, उलट पोरीला चार दाणे जास्तच देतात. दही, पनीर, पोह्यांबरोबरची जिलेबी, सगळ्याला हे चालतं, फक्त घरातून निघताना डबा विसरायचा नाही आणि ते लक्षात ठेवणं हीच मुलाची ड्यूटी.

वाढदिवसाचंही तसंच. कागदी म्हणून जे कप आणि प्लेटा आपण आणतो त्यांना आतून बहुतेक प्लास्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा झिरपला नसता का. आपल्या इंदूरला बर्तन बँक आहे, कार्यक्रमासाठी स्टीलची ताटं-वाट्या-पेले मिळतात, वापरायचे आणि परत करायचे. घरगुती वाढदिवसाला तर तेवढीही गरज नाही, शेजारच्या दोन घरांतून स्टीलच्या डिश आणल्या की भागतं. मोजून आणायच्या आणि मोजून परत द्यायच्या, हे काम दहा वर्षांचं पोर आरामात करतं.

आता माझा सगळ्यात आवडता विषय, कंपोस्ट. कोणी म्हणेल इंदूरमध्ये याची गरज काय, ओला कचरा तर देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटला, म्हणजे कचऱ्यापासून गॅस बनवणाऱ्या कारखान्याला, जातोच. जातो, आणि तो प्लांट खरंच मोठा आहे, फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला, रोज ५५० टन ओला कचरा घ्यायची त्याची क्षमता, त्या गॅसवर सिटी बस धावतात. मुलांना हे जरूर सांगा, आपल्या केळ्याच्या सालीवर बस चालते हे ऐकून त्यांचे डोळेच मोठे होतात. पण गाडीने नेलेला कचरा मुलाच्या नजरेआड जातो, त्याचं काय होतं हे त्याला दिसत नाही. गच्चीवरच्या बादलीत ते रोज दिसतं.

पेंटची जुनी बादली, बुडाला आणि बाजूला भोकं पाडलेली, खाली विटेचे तुकडे. भाज्यांची देठं, साली, चहाचा चोथा असं मूठभर टाकलं की त्यावर त्याच्या दुप्पट वाळलेली पानं. एवढंच शास्त्र. वास यायला लागला म्हणजे ओलं जास्त झालं, पानं टाका आणि काठीने हलवा. अगदीच कोरडं दिसलं तर पाण्याचा हबका. शिजलेलं अन्न, तेलकट, दुधाचं यात घालायचं नाही, नाहीतर उंदीर आणि किडे. मधोमध हात धरला तर कोमट लागतं, कारण आत जिवाणूंचं काम चालू असतं, आणि हे पोरांनी स्वतः हात लावून बघण्यासारखं आहे, मी सांगून उपयोग नाही. खत तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात. आम्ही ते चाळलं तेव्हा लेकीला त्यात काय सापडलं माहितीये? सफरचंदावरचे ते छोटे गोल स्टिकर! सफरचंदाच्या सालीचा मागमूस नाही, केळं गेलं, मटाराची टरफलं गेली, पण स्टिकर जसेच्या तसे, वरचे आकडेसुद्धा वाचता येत होते. तिने ते सगळे वेचून वहीत चिकटवले आणि तेव्हापासून फळं आली की आधी स्टिकर काढायचे हे तिनेच घरात लागू केलंय, आजोबांनाही सोडत नाही. प्लास्टिक कुजत नाही हे वाक्य तिने पुस्तकात किती वेळा वाचलं असेल, पण ते तिला कळलं त्या चाळणीत.

पाण्याबद्दल तर इंदूरकरांनी मुलांशी बोलायलाच पाहिजे. आपल्या नळाला येणारी नर्मदा काही शेजारून वाहत नाही, ती तिकडे नदीकाठच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, माळव्याच्या पठारावर पंपाने चढवून आणलेली आहे. १९७० साली नर्मदा इंदूरला आणा म्हणून गावातले लोक रस्त्यावर उतरले होते, जुन्या इंदुरी घरांत त्याच्या आठवणी अजून निघतात, आजी-आजोबा असतील तर मुलांना त्यांच्याकडूनच ऐकू द्या. एवढं पाणी घाट चढवायचं म्हणजे वीज किती लागत असेल. त्या विजेचा खर्च कमी व्हावा म्हणूनच तर महापालिकेने २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड काढले, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून कर्जाने पैसे उभे केले, जलूदजवळच ६० मेगावॉटच्या सोलर प्लांटसाठी. म्हणजे दात घासताना नळ उघडा ठेवला तर पाणी तर जातंच, ते वर आणायला जाळलेली वीजही गटारात जाते. सातवी-आठवीतल्या मुलांना हे नीट समजतं, आपणच त्यांना लहान समजून सांगत नाही.

गळका नळ मुलांच्या ताब्यात द्या. खाली भांडं ठेवायचं, घड्याळ लावून एक तासाने पाणी मापायचं, चोवीसने गुणायचं, मग आलेल्या आकड्याला तीनशे पासष्टने. उत्तर घेऊन पोरगं बाबांसमोर उभं राहिलं की प्लंबर त्याच रविवारी येतो. आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला ठेवणं, पाहुण्यांना अर्धा पेला पाणी देऊन शेजारी जग ठेवणं, ही कामंही मुलांनाच जमतात, कारण मोठ्यांना लाज वाटते.

खेळण्यातले सेल मात्र जपून. संपलेले सेल साध्या कचऱ्यात नाही, एका झाकणाच्या बरणीत साठवायचे आणि घातक कचऱ्याच्या डब्यात द्यायचे. ती बटणासारखी छोटी सेल असतात ती लहान भावंडांच्या हाताला लागणार नाहीत अशी उंचावर ठेवा, गिळली तर फार धोक्याची. वह्यांचं तर सगळ्यांना माहीतच आहे, उरलेली कोरी पानं काढून एप्रिलमध्ये शिवून घेतली की वर्षभराची रफ वही होते. पेनही रिफिलचं घ्या, वापरून फेकायचं नको.

झाडांविषयी जरा मोकळेपणानं बोलते. २०२४ च्या जुलैमध्ये आपल्या रेवती रेंजवर एका दिवसात ११ लाखांहून जास्त रोपं लावली गेली, गिनीजमध्ये नोंद झाली, चांगलंच झालं. पण रोप लावायला पाच मिनिटं लागतात आणि जगवायला दोन उन्हाळे, आणि माळव्यातला मे महिना कसा असतो ते आपल्याला माहितीये. म्हणून मला वाटतं मुलांना नवीन रोपापेक्षा घरासमोरचं आधीच लावलेलं एखादं झाड द्यावं. उन्हाळ्यात दोन दिवसांआड बादलीभर पाणी, बुंध्याभोवती वाळलेल्या पानांचं आच्छादन, आणि एक गोष्ट जी कुणीच बघत नाही, लोखंडी ट्री-गार्ड किंवा बांधलेली तार खोडात रुतायला लागलीये का ते बघणं. रुतत असेल तर मोठ्यांना सांगून सोडवायची. नवीनच लावायचं असेल तर जून-जुलैत कडुनिंबाखाली लिंबोळ्यांचा सडा पडतो, त्या गोळा करून, गर धुऊन लगेच पेरायच्या, कारण कडुनिंबाचं बी फार दिवस टिकत नाही, पुढच्या वर्षासाठी ठेवलं तर उगवत नाही.

पक्ष्यांसाठी परळ ठेवता ना गच्चीवर? छान, पण पाणी एक-दोन दिवसांनी बदलायचं आणि काथ्याने घासायचं, नाहीतर त्यात डासांची अंडी. परळ उथळ असावं, मधे एक दगड ठेवला की चिमण्या आणि मधमाश्यासुद्धा टेकून पितात. संक्रांतीला मांजा सुतीच घ्या, नायलॉनच्या मांज्यावर २०१७ पासून एनजीटीची, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाची, बंदी आहे तरी कुठे ना कुठे मिळतोच, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या पोरांची टोळी करून गच्च्यांवर, कुंपणांवर, खालच्या फांद्यांवर अडकलेला मांजा गोळा करा. तुकडे-तुकडे करून कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायचा. हे काम संक्रांतीला पतंग उडवण्याइतकंच पोरांना आवडतं, आम्ही केलंय. गणपतीही मातीचाच, शक्यतो घरीच मुलांच्या हातचा, बादलीत विसर्जन आणि ते पाणी कुंड्यांना. सोंड वाकडी झाली तरी चालेल, बाप्पा समजून घेतात.

आणि सिरपूर तलावावर मुलांना न्याच! शहराच्या इतक्या जवळ असा तलाव असणं हे आपलं भाग्य आहे. हा तलाव वाचला त्यामागे पद्मश्री भालू मोंढे आणि त्यांच्या बरोबरच्या स्वयंसेवकांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे, आपल्याच मराठी माणसाचं हे काम मुलांना माहीत असायला हवं. २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंत सागर हे दोन्ही तलाव रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आले आणि जानेवारी २०२५ मध्ये इंदूरला वेटलँड सिटीचा, म्हणजे पाणथळ जागा जपणाऱ्या शहराचा मान मिळाला, उदयपूरसोबत, भारतातली ही पहिलीच दोन शहरं.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी लवकर, भडक कपडे नकोत, मोबाईलवर गाणी नकोत. दुर्बीण कुणाकडून मागून घ्या, नसली तरी काळ्याशार अंगाचा आणि पांढऱ्या कपाळाचा वारकरी, टिबुकली, लांब गुलाबी पायांचा शेकाट्या हे नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतात. ब्रेड, शेव, पॉपकॉर्न पाण्यात टाकू नका, पाणी त्याने खराब होतं. वहीत तारीख, वेळ, कोणता पक्षी, किती दिसले एवढं मुलांनीच लिहायचं, आणि घरी आल्यावर मोठ्यांच्या मोबाईलवरून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर नोंद टाकायची, तिथे जगभरातले अभ्यासक अशा साध्या नोंदी वापरतात. खाण्यासाठी डब्यात पराठे घ्या आणि पाण्याची बाटली घरचीच, म्हणजे परत येताना पिशवीत कचरा म्हणून काही उरत नाही.